चुन्यातला गूळ

भिंत चुन्याची आहे की सिमेंटची, हे कळायला फार शिकावं लागत नाही. बोट ओलं करायचं आणि दरजेवर टेकवायचं. दरज म्हणजे दोन दगडांमधली मसाल्यानं भरलेली फट. चुना असेल तर पाणी पिऊन टाकतो, बोटाचा डाग बघता बघता नाहीसा होतो. सिमेंट असेल तर पाणी वर तसंच चमकत राहतं. पाणी जवळ नसेल तर थुंकी चालते. आयर्लंडमधल्या एका किल्ल्याच्या भिंतीवर मी थुंकले आणि मला तिथे काम मिळालं.

लोकांना ही थाप वाटते. पण झालं ते असं.

आम्ही सातारा जिल्ह्यातले लोणारी. चुनखडी भाजायची आणि चुना विकायचा, हा धंदा. मी चौथी पास झाले आणि भट्टीवर गेले. लग्नही धंद्यातच झालं. नवरा देवळं, घाट, विहिरी यांच्या दुरुस्तीची कामं घ्यायचा, सासू घाणीवर, म्हणजे बैलानं फिरवायच्या दगडी चाकाखाली, चुना मळून घ्यायची, मी तिच्या हाताखाली. पुढे सगळीकडे सिमेंट आलं आणि भट्टी थंड झाली. मुलगा सुनील केमिकल इंजिनिअर झाला आणि कॉर्कजवळ रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात लागला. नवरा वारल्यावर, नव्याण्णव साली, त्यानं मला नातीला सांभाळायला नेलं. वर्षभरात नात शाळेत जायला लागली. मग मी खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाऊस पडताना बघत होते. आयरिश माणूस पावसात कपडे वाळत का घालतो, हे मला आठ वर्षांत कळलं नाही.

गावात किल्ला होता. एका रविवारी सुनीलनं तो दाखवायला नेलं. दारात ब्रीडा नावाची बाई माहितीचे कागद वाटत होती. ती गावच्या शाळेची निवृत्त मास्तरीण आणि किल्ल्याच्या कमिटीची अध्यक्ष. शिडीवर एक साठीचा गवंडी काहीतरी खरवडत होता. भिंत बघून माझं डोकं फिरलं. दगडांची तोंडं सोलून निघाली होती आणि मधल्या दरजा मात्र टणक, करड्या, नव्यासारख्या. मी थुंकले आणि बघत उभी राहिले. थुंकी तिथेच.

"आई! काय करतेस? लोक बघतायत!" सुनील पुटपुटला.

"बघू देत. विचार त्या बाईला, या भिंतीला सिमेंट कुणी फासलं."

ब्रीडाचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात गवंडी शिडीवरून खाली आला, त्यानं स्वतःचा अंगठा चाटून दरजेवर दाबला आणि मान हलवली. "बाईचं बरोबर आहे, ब्रीडा. तीस वर्षांपूर्वीचं पाप आहे ते." मग सुनीलला म्हणाला, "तुझ्या आईला चुन्यातलं काय कळतं?"

"त्याला सांग," मी म्हणाले, "त्याच्या त्या बादलीतला चुना कच्चा आहे. खडे दिसतायत. भिंतीत गेल्यावर ते फुगतील आणि दरज बाहेर फेकतील."

सुनीलला ते सांगायची लाज वाटत होती. तरी त्यानं सांगितलं. गवंड्यानं बादलीत हात घातला, बोटांत चुना चोळला आणि मोठ्यानं हसला. "ग्रँड," तो म्हणाला. तिथे चांगल्याला, बऱ्याला आणि वाइटालाही ग्रँडच म्हणतात. "सोमवारी आठ वाजता ये म्हणावं, मिसेस."

तो डोनल. त्यानं मला शेवटपर्यंत मिसेसच म्हटलं. इंग्रजीत अहो-जाहो नसतं, म्हणून मीही त्याला मनात एकेरीच धरलं.

त्या देशात तेव्हा घरांचं पीक आलं होतं. जो तो गवंडी नव्या वसाहतींवर सिमेंटच्या विटा रचत होता. दगडाच्या कामाला माणूस मिळत नव्हता आणि चुन्याचं काम तर पन्नास वर्षांपूर्वीच मेलं होतं. डोनल ते पुस्तकातून आणि कुठल्याशा पंधरा दिवसांच्या वर्गातून शिकला होता. हे काम येणारं दुसरं कुणी सापडत नाही, असं ब्रीडानं सरकारला लिहिलं आणि माझं कामाचं परमिट काढलं. लिहिलं ते खोटं नव्हतं. सुनीलच्या मित्रमंडळींत मात्र माझा उल्लेख कमी झाला. पुण्याचे इंजिनिअर जेवायला आले की सून मेधा म्हणायची, "आई हेरिटेजमध्ये व्हॉलंटिअर करतात." मी म्हणायची, "घमेली उचलते."

आता किल्ल्याबद्दल. आपल्याकडे किल्ला म्हटलं की डोंगर, तट, बुरूज. तिथला किल्ला म्हणजे एकच चौकोनी मनोरा. पाच मजले, प्रत्येक मजल्यावर एक खोली, कोपऱ्यात गोल जिना. भिंत माझ्या दोन्ही हातांच्या पसाऱ्याहून जाड. पायथ्याशी भिंत बाहेर उतरती केलेली, म्हणजे वरून टाकलेला दगड तिच्यावर आपटून शत्रूच्या अंगावर उडतो. दाराच्या आत छताला एक भोक. दार फोडून आत आलेल्याचं स्वागत त्यातून व्हायचं. खिडक्या बाहेरून बोटभर, आतून दारासारख्या रुंद. संडास भिंतीतच, सरळ खाली पडणारा, आणि तिथेच कपडे टांगायचे, कारण त्या वासाला कपडे खाणारी कसर फिरकत नाही. हे ऐकून मेधानं जेवण अर्धं टाकलं.

बांधणाऱ्यांचे पूर्वज फ्रान्समधून आलेले सरदार. आधी इंग्लंड, मग वेल्स, मग हे बंदर. पाच-सहाशे वर्षांपूर्वी त्यांनी मनोरा बांधला, दोनशे वर्षं राहिले, मग तोफा घेऊन दुसरे आले आणि छप्पर जाळलं. नंतर कुणीतरी त्यात गुरं बांधली. ब्रीडाला त्या फ्रेंच नात्याचा फार अभिमान. फ्रान्समधल्या एका खेड्याशी तिनं गावाची सोयरीक जुळवली होती. तिकडे गावोगाव अशा सोयरिकी करतात, मग एका वर्षी हे जातात, एका वर्षी ते येतात. त्या खेड्यातही किल्ला होता, त्याचा फोटो तिच्या स्वयंपाकघरात लावलेला. चार गोल बुरूज, वर काळ्या दगडी पाट्यांची टोकदार छपरं, मोठाल्या खिडक्या, पुढे बाग. आमचा मनोरा त्यापुढे मिठाच्या खोक्यासारखा.

"दोन्हीकडचं रक्त एकच," ब्रीडा सांगायची.

"मग यांच्या खिडक्या एवढ्या मोठ्या कशा?" मी विचारलं.

"कारण त्यांच्यावर आमच्यासारखे शेजारी हल्ला करत नव्हते," डोनल म्हणाला.

मला त्या किल्ल्यात सगळ्यात आवडलं ते दुसऱ्या मजल्याचं छत. दगडाची कमान बांधताना खालून आधार लागतो. आपण लाकडाचा साचा करतो. त्यांनी वेताच्या चटया वाकवून लावल्या, त्यावर चुना ओतला आणि दगड रचले. चटया कुजून गेल्या, पण त्यांची वीण चुन्यात उमटून राहिली. एक पट्टी वर, एक खाली, जशी आमच्या गावचा बुरूड टोपली विणायचा तशी. एका ठिकाणी विणणाऱ्याची चूक झाली आहे, दोन पट्ट्या लागोपाठ वर आल्या आहेत. मी ती डोनलला दाखवली. चाळीस वर्षं तो ते छत बघत होता, त्याला दिसली नव्हती. त्यानंतर तो प्रत्येक पाहुण्याला ती चूक दाखवायला लागला, आणि दर वेळी म्हणायचा, "मिसेसनं शोधली."

आमचं रोजचं काम कंटाळवाणं. सिमेंट भिंतीतला ओलावा कोंडून धरतं. पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते, मग थंडीत गोठून दगडच फोडतं. म्हणून आधी एकेक दरज छिन्नीनं खरवडून सिमेंट काढायचं, दगडाला धक्का न लावता. हे आम्ही दोन वर्षं केलं. मग कळीचा चुना पाण्यात विरवायचा, चाळायचा, खड्ड्यात महिनोन्महिने मुरवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा. मग वाळू घालून कुटायचा, भरायचा, आणि आठवडाभर ओल्या गोणपाटानं झाकून तान्ह्या मुलासारखा जपायचा. तो हवा खाऊन हळूहळू दगड होतो. घाई केली तर होत नाही.

लोक नाना तऱ्हेचे यायचे. एक अमेरिकन आला, माझे पूर्वज या किल्ल्याचे मालक, असं म्हणाला. तसे उन्हाळ्यात दहा-बारा यायचे. याला मात्र भिंतीतला एक दगड घरी न्यायचा होता. नाही म्हटलं तर डोळ्यांत पाणी. डोनलनं मला डोळा मारला, ढिगातलं सिमेंटचं एक ढेकूळ उचललं, दोन्ही हातांनी त्याला दिलं. "हे दक्षिण भिंतीचं," म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्यानं ते रुमालात बांधलं, आमच्याबरोबर फोटो काढला. तो गेल्यावर डोनल म्हणाला, "युअर मॅन खूश, भिंत खूश." तिकडे 'तो माणूस' म्हणायचं तर युअर मॅन म्हणतात. माझ्या मनाला ते लागलं नाही. अजूनही लागत नाही.

लागलं ते दुसरंच.

तिथे हवा कायम ओली. पश्चिमेची भिंत बंदराकडे तोंड करून होती आणि माथ्यावरचा कठडा तर चारी बाजूंनी झोडपला जायचा. तिसऱ्या वर्षी आम्ही तिथे भरलेला चुना एका वादळात निम्मा धुऊन गेला. तेव्हाच पुढच्या जूनमध्ये फ्रान्सचे पाहुणे यायचे ठरले, आणि त्यांना माथ्यावर नेऊन बंदर दाखवायचं ब्रीडानं ठरवलं. कठडा पक्का झाल्याशिवाय वर कुणाला सोडायला सरकारी परवानगी नव्हती. सप्टेंबर लागला होता.

"उशीर झाला," डोनल म्हणाला. "एप्रिलला करू. चुना धरायच्या आत गारठलं तर फुकट जाईल."

"एप्रिलला केलं तर जूनला परवानगी मिळायची नाही," ब्रीडा म्हणाली.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. तोवर चुन्यात माझा शब्द चालत होता. मला तेव्हा शंभरेक इंग्रजी शब्द येत होते. मी म्हणाले, "नाऊ. आय मेक. गुड लाइम."

आता आमच्या घरातली एक रीत सांगते. चुना आणि वाळू कुणीही कालवतं. पण पाणी धरणाऱ्या कामाला, टाक्याला, विहिरीला, मसाल्यात आणखी वस्तू पडतात. त्यांचं माप घरोघर वेगळं आणि ते घराबाहेर जात नाही. आमच्यात ते फक्त सुनेला सांगायचं. मुलीला नाही, ती दुसऱ्या घरी जाते. पुरुषांनाही नाही, ते दारू पिऊन बोलतात. माझ्या नवऱ्यानं जन्मभर थापी चालवली, पण मसाल्यात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. सासूनं मला लग्नाच्या सहाव्या वर्षी सांगितलं, तेही घाणीचा बैल सोडल्यावर, आजूबाजूला बघून. मेधाला मी सांगायला गेले तेव्हा ती म्हणाली, "आई, मला ईमेल करा ना."

तर मी सुनीलकडून गूळ आणवला. हिरडा पुण्याहून मागवला. रोज डोनलच्या आधी तासभर जाऊन हिरड्याच्या पाण्यात गूळ विरघळवायचा आणि ते पाणी चुन्यात जिरवायचं. तो आठ वाजता यायचा तेव्हा मसाला तयार. त्यानं पहिली थापी मारली आणि थांबला. मसाला दगडाला लोण्यासारखा चिकटत होता, खाली ओघळत नव्हता.

"मिसेस, माझ्या थापीवर असा माल कधी आला नव्हता. केलंस काय?"

"हँड," मी म्हणाले, आणि हात दाखवला.

मला फार बरं वाटलं. ते लपवून उपयोग नाही. वीस वर्षं ज्या कामाला कुणी विचारत नव्हतं, त्याचं परक्या मुलखात कौतुक होत होतं. चौथ्या दिवशी बादल्यांवर गांधीलमाश्या घोंगावायला लागल्या. डोनल म्हणाला, "चुन्यावर माश्या? असं कधी बघितलं नाही." मी खांदे उडवले. तेव्हा बोलले असते तरी चाललं असतं. कठड्याची एकच बाजू झाली होती.

गुळानं चुना सावकाश धरतो, म्हणजे घट्ट व्हायला वेळ घेतो. आमच्या मुलखात ते बरं, नाहीतर उन्हानं तो तडकून जातो. तिथे ऊनच नव्हतं. वरचा पापुद्रा धरला, आतला मसाला महिने गेले तरी ओला राहिला. मग थंडी पडली, आतलं पाणी गोठलं. फेब्रुवारीत, भर दुपारी, कठड्याचे दोन दगड आणि त्याखालचा हातभर भाग खालच्या गल्लीत पडला. त्या गल्लीतून माणसं चर्चला जातात. कुणी नव्हतं, हे नशीब.

सरकारचा पुराणवास्तूंचा अधिकारी आला. वर चढला, खिशातल्या चाकूनं दरज उकरली आणि बोटात चोळली. मी खाली उभी राहून बघत होते. मसाला चिखलासारखा आला. शाळेच्या खोलीत कमिटी बसली. अधिकारी म्हणाला, हंगाम टळल्यावर काम केलं आहे, गवंड्यानं हवामानाचं भान ठेवलं नाही, अशा माणसाला जुन्या वास्तूवर ठेवता येणार नाही. डोनलला विचारलं, काही सांगायचं आहे का.

तो उभा राहिला. "बादली माझी आहे," म्हणाला. "भिंतीवर जे आहे त्याला मी जबाबदार."

इंग्रजी बोलता येत नसलं तरी एवढं ऐकून कळत होतं. त्याचं वाक्य न् वाक्य मला कळलं. मी मागच्या रांगेत बसले होते, हात कोटाच्या खिशात. बोलले नाही. परमिट जाईल असं वाटलं, सुनीलची अडचण होईल असं वाटलं, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या घटकेला मनात एवढंच होतं की माप सांगावं लागेल.

डोनलला काढलं. कामच थांबलं म्हणून मीही घरी. तो नव्या वसाहतीवर फुटपाथच्या कडा बसवायला जायला लागला. कमिटी घाबरली होती. उत्तरेच्या भिंतीतलं सिमेंट आम्ही काढून ठेवलं होतं, दरजा उघड्या होत्या. कमिटीनं एक ठेकेदार आणला. त्यानं दोन आठवड्यांत सगळी भिंत सिमेंटनं भरून टाकली. जे काढायला आम्हाला एक अख्खा उन्हाळा लागला होता, ते परत आत गेलं. मी रोज नातीला शाळेत सोडताना ते बघत होते. ती विचारायची, "आजी, वाय आर यू नॉट वर्किंग?" मी म्हणायची, चल, घंटा होईल.

मेमध्ये एका शनिवारी दुपारी डोनल घरी आला. त्या चार वर्षांत तो कधी आला नव्हता. दारातच त्यानं बूट काढले, कुणीतरी त्याला सांगितलं असावं की भारतीयांच्या घरी काढतात. स्वयंपाकघरात बसला. खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली, सोडली. आत कठड्याच्या मसाल्याचा तुकडा होता.

सुनील मध्ये बसला, दुभाष्या म्हणून. डोनल बोलला ते त्यानं सांगितलं. "आई, तो म्हणतोय, मी सगळं आठवून बघितलं. वाळू बरोबर होती, गोणपाट बरोबर होतं. गारठा यायला सहा आठवडे होते, एवढ्यात तो धरायलाच हवा होता. माझं काय चुकलं, मला सापडत नाही. तुमच्या हाताला कळतं, म्हणून तुम्हाला विचारायला आलोय."

तो माझ्यावर आळ घ्यायला आला नव्हता. शिकायला आला होता. बासष्ट वर्षांचा माणूस.

मी सुनीलला म्हणाले, "त्याला सांग, तुझं काही चुकलं नाही. मी त्यात गूळ घातला होता."

सुनीलनं माझ्याकडे बघितलं. "आई, थांब जरा. याचा अर्थ काय होतो कळतंय ना? त्यानं उद्या कमिटीला सांगितलं तर? परमिटवर आहेस तू."

"सांग त्याला."

सुनील डोनलकडे वळला आणि इंग्रजीत काही बोलला. हवा, थंडी, वुई डोन्ट नो, असं काहीतरी. साखरेचा शब्द त्यात आलाच नाही. मला शंभर शब्द येत होते, त्यात तो होता.

"खोटं बोलतोस?" मी म्हणाले. "माझ्यासमोर?"

"आई, प्लीज."

मी कपाट उघडलं, गुळाची उरलेली ढेप काढली आणि डोनलच्या पुडीशेजारी टेबलावर ठेवली. "शुगर," म्हणाले. "आय पुट. ऑल बकेट. यू नॉट नो."

डोनलनं ढेपीचा कोपरा मोडला, चाखला. बराच वेळ चघळत बसला. मग मसाल्याच्या तुकड्याकडे बघितलं.

"माश्या," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"जीझस, मिसेस." आवाज चढवला नाही. पुढचं त्यानं सुनीलला सांगितलं, आणि या वेळी सुनीलनं शब्द न् शब्द मला सांगितला. "तो म्हणतोय, तुम्ही गूळ घातलात याचा मला राग नाही. मीही पुस्तकात वाचून काय काय घालून बघितलंय. पण चार वर्षं मी तुमच्या शेजारी उभा राहिलो आणि माझ्याच बादलीत काय आहे हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. त्या दिवशी शाळेत मी उभा राहिलो तेव्हाही नाही."

मेधानं केलेला चहा तसाच टाकून तो गेला. आयरिश माणूस चहा टाकून जातो म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको.

सोमवारी मी ब्रीडाकडे गेले. चार वाक्यं सुनीलनं मला देवनागरीत लिहून दिली होती. या वेळी त्यानं स्वतःहून लिहिली. ब्रीडासमोर, नंतर कमिटीसमोर, नंतर त्या अधिकाऱ्यासमोर मी तो कागद तीनदा वाचला. गूळ मी घातला. डोनलला माहीत नव्हतं. सप्टेंबरात काम करा असं मी म्हणाले. तो नको म्हणत होता. अधिकाऱ्यानं विचारलं, आधी का सांगितलं नाही. त्याचं वाक्य सुनीलनं लिहून दिलेलं नव्हतं. मी म्हणाले, "फॅमिली." त्याला ते कळलं नाही आणि मला समजावता आलं नाही.

डोनलला परत घेतलं. माझ्याबद्दल ठरलं की काम करू द्यायचं, पण मसाल्याला हात लावू द्यायचा नाही. खरवडायचं, घमेली वाहायची, गोणपाट भिजवायचं. ज्या कामात माझा शब्द चालायचा त्यात मी बिगारी झाले. तक्रार केली नाही. कुणी बरोबर केलं की आपण बोलू नये.

जूनमध्ये फ्रान्सचे पाहुणे आले. त्यांना माथ्यावर नेता आलं नाही, खालूनच कठडा बघितला त्यांनी. त्यांच्यातला एक म्हातारा उत्तरेच्या भिंतीपाशी गेला, बोट चाटून दरजेला लावलं आणि नाक मुरडलं. ब्रीडानं विषय बदलला. मी खाली मान घालून उभी राहिले.

मग आम्ही दोघांनी कठडा उतरवला. माझा मसाला मीच छिन्नीनं काढला, दरज न् दरज. ओला होता तिथे चमच्यानं निघाला. वरचा पापुद्रा मात्र असा धरला होता की डोनल एकदा थांबून म्हणाला, "तुझ्या मुलखात हा दोनशे वर्षं टिकत असेल." मी म्हणाले, "मोर." त्या उन्हाळ्यात तो माझ्याशी फारसं बोलला नाही. पण बादली कालवताना तो एक गोष्ट करायचा. काय पडतंय ते मोठ्यानं म्हणायचा. चुना, एक. वाळू, एक, दोन, अडीच. पाणी. मला ऐकू जाईल असं. पुढे पुढे मीही त्याच्याबरोबर म्हणायला लागले.

कठडा दुसऱ्या वर्षी पुरा झाला. माथा लोकांसाठी उघडला. उत्तरेची भिंत अजून सिमेंटचीच आहे, तिच्यातले दगड सोलून निघायला लागले असतील. ती काढायला पुन्हा परवानगी मिळाली नाही. दोन हजार सातला सुनील पुण्याला परत आला, त्याच्याबरोबर मी.

दिवाळी अंकवाले तुमच्या कामाबद्दल लिहा म्हणाले, म्हणून एवढं लिहिलं. आता माप. सासूनं मला दिलं ते जसंच्या तसं, कुणीही घ्यावं.

चुना कमीत कमी तीन महिने मुरलेला. चुना एक भाग, वाळू दोन भाग, वाळू नदीची, धुतलेली. पाच घमेली मसाल्याला एक शेर हिरडा, जाडसर कुटून आठ दिवस पाण्यात ठेवायचा, पाणी काळं होतं. ते गाळून त्यात दोन शेर गूळ. चार बेलफळांचा गर, बिया काढून. टाकं किंवा विहीर असेल तर उडीद भिजवून वाटून त्याचं पाणी, वाटीभर. सगळं घाणीत किंवा कुटणीनं दिवसभर मळायचं, बोट घातलं तर तार सुटली पाहिजे. भरून झाल्यावर दहा दिवस ओलं ठेवायचं.

हे उन्हाच्या मुलखासाठी. थंड, ओल्या जागी यातला गूळ आणि हिरडा घालू नका. आणि घालायचाच असेल तर थापी ज्याच्या हातात आहे त्याला आधी सांगा.